अंगठा दाबायचा नाही, लोळवायचा

तुमच्या उजव्या अंगठ्यावर शंख आहे की चक्र?

हे पत्रक क्षणभर मांडीवर ठेवा, अंगठा उजेडात धरा आणि पाहा. ज्यांना सांगता येणार नाही त्यांनी ओशाळायचं कारण नाही. आपल्याला नटीच्या गालावरचा तीळ ठाऊक असतो, स्वतःच्या अंगठ्यावरची रेघ ठाऊक नसते.

भाईमामा, हा प्रश्न तुझा. ट्रामच्या बाकावर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तू तो विचारायचास. लोक पहिल्या भेटीत गाव विचारतात, आडनावावरून जात काढतात. तू अंगठा मागायचास. तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि तुझ्यावर लिहायला बसले तर दुसरी सुरुवात सुचत नाही. तुझी जन्मतारीख, शिक्षण, नोकरीला लागलास कधी, निवृत्त झालास कधी, हे सगळं तुझ्या सरकारकडे नोंदलेलं आहे. ते तिथेच राहू दे. मी आपलं भांडण लिहिणार आहे. ते अर्धं राहिलं, आणि तू मेलास म्हणून मी ते सोडून देणार नाही.

वाचणाऱ्यांना एवढं सांगते. माझा मामा पोलीस खात्याच्या एका कचेरीत बोटांचे ठसे पाहायचा. गिरगावातल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा आणि संध्याकाळी गॅलरीत बसून पोरांचे हात पाहायचा. भविष्यासाठी नव्हे. भविष्य विचारलं की तो म्हणायचा, ते माझ्या खात्यात येत नाही.

मी वाढले लालबागला. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणी कामगारांच्या संघटनेत होते, आणि आमच्या खोलीत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. फळीवर पत्रकं, डब्याखाली पत्रकं, दादांची भाकरी गुंडाळायलाही गेल्या संपाचं पत्रक. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ यांवर. तुझ्याकडे सुट्टीत यायचे तेव्हा वाचायला काहीच नसायचं. तुझ्याकडे एक भिंग होतं आणि शाईची गादी. मग मी माझी बोटं वाचायला लागले.

आई एक गोष्ट नेहमी सांगते. मी जन्मले तेव्हा रिवाजाप्रमाणे चाळीतल्या बायकांनी माझ्या मुठी उघडून चक्रं शोधली. दहा बोटांना दहा चक्रं म्हणजे राजयोग. माझ्या बोटांवर एकही मिळेना. शेजारच्या काकू चुकचुकल्या, आता हिचं कसं व्हायचं म्हणून. तू नुकताच नोकरीला चिकटला होतास. तू म्हणालास, “काकू, दहा चक्रंवाले राजे आमच्याकडे बरेच आहेत. दोघे सध्या आतच आहेत, एक परवा सुटला.” काकूंनी नंतर तुला घरच्या सत्यनारायणाला बोलावलं नाही म्हणे.

ते नमुने तू मला शिकवलेस तसे कोणत्याही शाळेत कोणी शिकवत नसेल. शंखाच्या रेघा माहेरपणाला आलेल्या लेकीसारख्या. एका बाजूने येतात, वळसा घेतात, आल्या वाटेने परत जातात. चक्राच्या रेघा स्वतःभोवती फिरत बसतात, जात्याच्या पाळीसारख्या. कधी दोन शंख एकमेकांच्या गळ्यात पडलेले असतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. आणि सगळ्यांत कमी दिसते ती कमान. एका अंगाने शिरते, मध्ये थोडी चढते, दुसऱ्या अंगाने निघून जाते. कुठे वळणं नाही, थांबणं नाही. हात बघणाऱ्यांनी शंखाला नाव दिलं, चक्राला दिलं, या कमानीला काही द्यायचं राहून गेलं. तू म्हणायचास, “तिला नाव नाही म्हणून भविष्य नाही. सुटली बिचारी.”

पण हे सगळं, तू लगेच सांगायचास, माणसाचं गाव झालं. घर शोधायचं तर रेघ कुठे तुटते, कुठे तिला फाटा फुटतो, दोन रेघांमध्ये कुठे एकटाच ठिपका बसलाय, ते पाहायला लागतं. तुमच्या कचेरीतले कप्पे अशा गावांप्रमाणे लावलेले होते. एकेका कप्प्यात सोवळ्यातला भट, डोंगरीचा पठाण आणि माझगावचा ख्रिस्ती खलाशी शेजारी शेजारी. “आमच्या चाळीत जे जमत नाही,” तू म्हणायचास, “ते माझ्या कपाटात जमलंय. फक्त सगळे चोर आहेत.”

आणि एक गोष्ट तू मला शिकवलीस जिच्यामुळे आज मी हे लिहिते आहे. मी गादीवर अंगठा आपटून कागदावर जोरात दाबायचे. कागदावर काळा बटाटा उमटायचा. तू माझं मनगट धरायचास. “दाबायचं नाही, लोळवायचं. नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, हात सैल सोडून. दाबलंस तर नुसती शाई दिसते, माणूस दिसत नाही.”

मी मोठी झाले, पत्रकं लिहायला लागले, आणि आपण भांडायला लागलो. तू मला ‘संपादकीणबाई’ म्हणायचास. मी तुला ‘सरकारचा अंगठा’ म्हणायचे. दोघांनाही ते आवडायचं, हे आता लिहायला हरकत नाही.

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी आम्ही घरोघर निवेदन फिरवत होतो. लालबाग-परळच्या गाळ्यांतून दहा माणसांत दोघे-तिघे सही करणारे, बाकीच्यांचा अंगठा. मी संतापून पत्रक काढलं, अंगठा पुसा आणि सही गिरवा. त्यात लिहिलं होतं की ही अंगठेबहाद्दरांची चळवळ आहे असं दिल्लीत कोणाला म्हणता येऊ नये. तू ते पत्रक आमच्या लालबागच्या गॅलरीत उभ्याने वाचलंस आणि म्हणालास की चांगलं आहे, एक शब्द काढ. मी विचारलं, कोणता. “अंगठेबहाद्दर. बहाद्दर ही शिवी कधीपासून झाली?”

मी म्हटलं, शब्द माझा नाही, हिणवणाऱ्यांचा आहे, त्यांच्याच तोंडावर फेकते आहे. तू म्हणालास, फेकलेला शब्द आधी मधल्या माणसाला लागतो. मी म्हटलं, ज्याला सही येत नाही त्याच्याकडून सावकार काहीही लिहून घेतो. तू म्हणालास, खरं आहे, पण सही कोणीही कोणाची करतो आणि अंगठा कोणाला उसना देता येत नाही. आई आतून म्हणाली, “दोघांनाही भूक लागलेली दिसतेय.” भांडण तिथे थांबलं. माझं पत्रक मी आजही छापीन, मामा. प्रत्येक गिरणी कामगाराला सही आलीच पाहिजे. त्यात तिळभर बदल नाही.

तेव्हाच मी तुलाही निवेदनावर सही मागितली होती. तू सरकारी नोकर, नाही म्हणालास. मी म्हटलं, मग नाव लिहू नकोस, नुसता अंगठा दे. तू इतका हसलास की भिंग पडता पडता राहिलं. “वेडे, नावाचं एक वेळ नाही म्हणता येईल. अंगठ्याचं कसं म्हणू?”

धोंडू मला भेटला तो या निवेदनाच्या वेळी. कोकणातला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, माझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा. एका गाळ्यात गाववाल्यांसोबत राहायचा. बायको आणि आई गावी. सगळ्या गाळ्यात सर्वांत जास्त बडबड त्याची. मी सही शिकायला ये म्हटल्यावर तो संघटनेच्या वर्गाला चार-पाचदा येऊनही गेला होता. ‘धों’पर्यंत पोचला आणि अनुस्वार कुठे द्यायचा यावर मास्तरांशी भांडून परत गेला. निवेदन पुढे केलं तेव्हा म्हणाला, “बाय, सही कित्याक व्हयी? सही मास्तराची, अंगठो माझो.” आणि शाई लावून त्याने कागदावर अंगठा असा दाबला की टेबल हललं.

काळा बटाटा. मी त्याचं मनगट धरलं, शेजारी दुसऱ्या जागी अंगठा पुन्हा ठेवला आणि कडेपासून कडेपर्यंत लोळवला. गाळ्यातले हसायला लागले. एकाने विचारलं, बाई अंगठा घेते की पोळी लाटते. पण मला दुसरी पद्धतच येत नव्हती. त्या सगळ्या कागदांवर, जिथे जिथे मी अंगठे घेतले, ते सगळे मी लोळवून घेतले. त्यामागे काही हेतू नव्हता. तू लावलेली खोड होती.

ते कागद कुठे गेलेच नाहीत. आमच्या समितीतल्या वडीलधाऱ्यांचं मत पडलं की आधी सह्यांचे कागद पाठवू, अंगठ्यांचे नंतर पाहू. गठ्ठा माझ्या ट्रंकेत राहिला.

मग गोळीबार झाला. त्या दिवसांबद्दल या भागात कोणाला काही सांगावं लागत नाही. रस्त्यावर चपला पडल्या होत्या आणि कोणी त्या उचलत नव्हतं. धोंडू पाळी संपवून बाहेर पडला आणि गाळ्यावर परत आला नाही. त्याचे गाववाले इस्पितळांतून फिरले. कुठे आत सोडलं, कुठे नाही. एका ठिकाणी सांगितलं की ओळख न पटलेल्या काहींचं सरकारने उरकून टाकलं. आणि वरून सांगितलं जात होतं की मेले ते गुंड होते.

मी धावत तुझ्याकडे आले. तू गॅलरीत धोतराच्या सोग्याने भिंग पुसत होतास. मी विचारलं की अनोळखी मृतांच्या बोटांचे ठसे तुमच्याकडे येतात ना. तू म्हणालास, येतात. मी विचारलं की ते गुंड होते का, तुमच्या कपाटात त्यांची बोटं सापडली का. तू पुसतच राहिलास. मग म्हणालास, “पोरी, मला काय सापडतं ते मी तुला सांगू शकत नाही. काय सापडत नाही, तेही नाही.”

मी तुला भेकड म्हणाले. खिडक्यांतून लोक बघत होते. तू मला घोटभर पाणी दिलंस आणि ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडायला आलास.

तुझ्या तेराव्याला आईने मला उरलेलं सांगितलं. तू फक्त तिला सांगितलं होतंस, आणि तेही निवृत्त झाल्यावर. त्या अनोळखी ठशांपुढे तू एकामागून एक ‘नोंद नाही’ असं लिहीत गेलास. कचेरीत ‘नोंद नाही’ म्हणजे काम फुकट गेलं असं समजतात. तुला पुन्हा शोधायला सांगितलं. तू सगळे कप्पे पुन्हा उघडलेस, शंखांचे, चक्रांचे, कमानींचे, पुन्हा सगळं पाहिलंस आणि पुन्हा तेच दोन शब्द लिहिलेस. तिसऱ्यांदा कोणी सांगायला आलं नाही. मी चौकात उभी राहून घसा फोडून जे ओरडत होते, मेलेले गुंड नव्हते, तेच तू टाकाने लिहीत होतास. मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, मामा? मी छापलं असतं, म्हणूनच ना?

काही महिन्यांनी भाऊच्या धक्क्यावर बोटीतून धोंडूची आई उतरली. गावात कोणी म्हणत होतं तो पळून गेला, कोणी म्हणत होतं गुंडांत सामील झाला. गाववाल्यांनी तिला माझ्याकडे आणलं. मी तिला चळवळ, बलिदान असं काहीतरी सांगायला लागले. तिने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाय, सुनेन कुंकू लावचा की नाय, इतक्याच माका सांगा.”

मी कित्येक पत्रकं लिहिली आहेत. हातातलं पत्रक मी घडी घालून ठेवलं.

मी तिला तुझ्याकडे घेऊन आले. तू सगळं ऐकलंस आणि तुझा लाडका शब्द काढलास, अर्ज. अर्ज आणा, अर्ज आला की मी पाहतो. मी उसळले. तुला आठवतं मी काय म्हणाले ते, इथे लिहीत नाही. तू माझ्याकडे लक्षसुद्धा न देता खुर्ची ओढलीस, मला कागद दिलास आणि मजकूर सांगत गेलास. मी लिहीत गेले. शेवटी तिचा अंगठा हवा होता. तिने घाबरून मूठ मिटली होती. तू तिच्यासमोर खाली बसलास. “दाबू नका, आई. हात सैल सोडा, मी लोळवतो.” तिचा अंगठा इतका छान उमटला की तिनेच वाकून पाहिला.

मग तू म्हणालास, त्याच्या अंगठ्याचा ठसा कुठे असेल तर हवा. गिरणीतल्या कागदांवर असेल, पण तो दाबलेला असणार, उपयोग होईल न होईल. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. लोळवलेला.

तुझा तो चेहरा मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी निवेदनाचा तो कागद आणला. भिंग तुझ्या खिशात होतं. धोंडूची आई समोर बसली होती, मी समोर बसले होते, एक नजर टाकली असतीस तर तिथल्या तिथे कळलं असतं. तू कागद पालथा केलास आणि अर्जाला जोडलास. घरी नाही, म्हणालास, कचेरीत. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. आज मला वाटतं, तुला घरी पाहायची भीती वाटली असेल. तू चुकला असतास तर त्या बाईच्या देखत चुकला असतास. पण हे मी अंदाजाने म्हणते. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही.

उत्तर आलं तेव्हा तू तिला गॅलरीत बसवलंस आणि सरकारी कागद बाजूला ठेवून सांगितलंस. तो गेला, आई. तो अंगठा त्याचाच.

खाली कोणीतरी कल्हईवाल्याशी घासाघीस करत होतं. मग तिने विचारलं, “आणि लोक म्हणतत तां? गुंड?”

“आमच्या कपाटात हजारो आहेत, आई. त्यांत तो नव्हता.”

“म्हणजे माझो झील गुंड नाय.”

“नाही.”

तिने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने भिंग मागितलं. तू निवेदनाचा कागद पुढे धरलास आणि तिला दाखवलंस, हा शंख, करंगळीकडे उघडणारा, आणि ही इथे रेघ फुटली आहे. तिने स्वतःचा अंगठा भिंगाखाली धरला. तिथेही करंगळीकडे उघडणारा शंख. “माझोच दिलेलो,” ती म्हणाली. तू मान डोलावलीस. मला माहीत होतं की तू एरवी त्यावर अर्धा तास बोलला असतास, सारखा नमुना म्हणजे सारखा ठसा नव्हे म्हणून. त्या दिवशी बोलला नाहीस.

इस्पितळाच्या नोंदीत ‘अनोळखी’वर रेघ मारून धोंडूचं नाव लिहिलं गेलं. चाळीच्या फळ्यावर ते मी खडूने लिहिलं, अनुस्वार जिथे द्यायचा तिथे दिला.

आणि लगेच आपण पुन्हा भांडलो. मला मोठ्या अक्षरांत छापायचं होतं की सरकारच्याच कचेरीने सिद्ध केलं, मेलेले गुंड नव्हते. तू म्हणालास, “मी एकाचं सांगितलंय. सगळ्यांचं नाही.” मी म्हटलं, एक पुरतो. तू म्हणालास, ज्याचं नाव अजून लागलं नाही त्याच्या आईला पुरत नाही. मी म्हटलं, एकेक करत बसलास तर शंभर वर्षं लागतील. तू म्हणालास, मग लागू देत. हे मला त्या दिवशी पटलं नाही, आज तू नसतानाही पटत नाही. एकेक करून नावं मिळतात, राज्य मिळत नाही. राज्य मिळवायला सगळ्यांनी एकदम दाबावं लागतं, मामा, लोळवून चालत नाही.

तू चळवळीच्या बाजूचा की विरोधातला, हे मला कधी कळू दिलं नाहीस. शिवाजी पार्कच्या सभेत मी तुला एकदा कडेच्या कट्ट्यापाशी पाहिलं, हात मागे बांधून उभा. नंतर विचारलं तर म्हणालास, फिरायला गेलो होतो. गिरगावातला माणूस फिरायला शिवाजी पार्कात जातो? चौपाटी काय वाहून गेली होती?

सत्याग्रहात मी आठवडाभर आत जाऊन आले. आमचेही ठसे घेतले होते. एका हवालदाराने माझी दहाही बोटं दाबून घेतली, मीच त्याला लोळवायला लावलं, तर म्हणाला, बाई सराईत दिसते. सुटल्यावर तुझ्याकडे आले. तू काही विचारलं नाहीस. जेवताना मध्येच म्हणालास, “तुझ्या डाव्या तर्जनीला लहानपणी मी शंख म्हणत होतो. तो शंख नाही. कमान आहे, तंबूसारखी उभी. चुकलं होतं माझं.” आणि ताक मागितलंस.

माझा कागद तुझ्या टेबलावर आला होता, हे तू मला असं सांगितलंस. भाचीची बोटं चोरांच्या कपाटात कोणत्या कप्प्यात लावलीस, लावताना तुला काय वाटलं, हे मी विचारायला हवं होतं असं नाही. मला ते विचारता येत नव्हतं आणि तुला सांगता येत नव्हतं. मी ताक वाढलं.

शेवटी तुझा उजवा हात लुळा पडला. पेन्शनच्या कागदावर सही करता येईना. पाहायला आलेला कारकून फार संकोचला होता, साहेब, अंगठा चालेल का म्हणून विचारत होता. तुला हसू आवरेना, अर्ध्याच तोंडाने हसत होतास. त्याने तुझा अंगठा धरला आणि कागदावर दाबला. तू डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलंस. मी कारकुनाला बाजूला केलं, तुझं मनगट हातात घेतलं आणि कडेपासून कडेपर्यंत लोळवला.

तेव्हा मी पहिल्यांदा तुझा अंगठा पाहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांची बोटं दाखवलीस, स्वतःचं कधी दाखवलं नाहीस. मला वाटायचं तिथे चक्र असणार, सरकारी शिक्क्यासारखं गोल. दोन शंख होते, एकमेकांच्या गळ्यात पडलेले. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे.

अंगठ्याला शाई होतीच. मी पिशवीतून निवेदनाचा कोरा कागद काढायला लागले. तू ते पाहिलंस आणि डाव्या हाताने फडकं ओढून अंगठा पुसून टाकलास. शब्द नीट फुटत नव्हते, पण मला ऐकू आलं. “पेन्शन खातो अजून.”

ते आपलं शेवटचं भांडण. त्यात तू जिंकलास. मुंबई मात्र महाराष्ट्रात येणार, आणि ते मी पाहणार. त्या दिवशी तुझ्या गॅलरीत जाऊन मी मोठ्याने सांगणार आहे, तिथे कोणीही राहत असो.

आता शेवटचं, आणि हे पुन्हा हे पत्रक हातात धरलेल्या तुमच्यासाठी आहे.

धोंडूसारखे आणखी काही आहेत. मामा आजारी पडण्याआधी एवढंच म्हणाला होता की त्या दिवसांतले अनोळखी ठसे त्याने वेगळे बांधून ठेवले आहेत, अर्ज आला तर चटकन सापडावेत म्हणून. तो आता नाही. त्याच्या जागी आलेला माणूस तो गठ्ठा किती दिवस वेगळा ठेवेल, कोणाला ठाऊक. अर्ज आल्याशिवाय तो कोणी सोडणार नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. त्या दिवसांत जो घराबाहेर पडला आणि परत आला नाही, त्याच्या अंगठ्याचा कुठलाही कागद शोधा. भाड्याची पावती असेल, पतपेढीचा कागद असेल, गावच्या जमिनीचा असेल. त्याच्यावर तेलाचा हात लावू नका, अंगठ्यावरून घडी घालू नका, पुसट आहे म्हणून टाकून देऊ नका. तो घेऊन लालबागला आमच्या चाळीच्या वाचनालयात या, कोणत्याही संध्याकाळी. सोबत त्याच्या आईला आणा, बायकोला आणा. सही येत नसली तरी चालेल. शाईची गादी मी ठेवली आहे.

अर्ज मी लिहीन.